अंगी लागणं

टोणप्यांचा उन्मेष खोली सोडून बऱ्हाणपूरला गेला
तेव्हा गच्चीवर अनंताची कुंडी राहिली.
"बसमध्ये नाही मावणार, काकू."
गादी मावली. कूलर टपावर चढला.

पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या,
नकाशात कुणी नुसत्या नद्या रंगवाव्यात
आणि गावं विसरावीत, तशी.

सुदामानगरात सल्ल्याला तोटा नाही.
शेवडेबाई म्हणाल्या, अंड्याची टरफलं घाला,
मग ओशाळल्या, त्यांच्याकडे अंडं चालत नाही.
दूधवाल्यानं राख सांगितली.
ह्यांनी चार गंजके खिळे मातीत खुपसले
आणि हात झटकले,
नळ दुरुस्त केल्यावर झटकतात तसे,
नळ गळत असतानाच.

मी एकतीस वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये
ब्युरेट भरले, पोरांनी सांडलेलं पुसलं.
एकही प्रयोग माझ्या नावावर नाही.
पण पट्टीचा रंग मला चुकत नाही.

एक वाटी माती, दोन वाट्या पाणी,
ढवळून अर्धा तास ठेवलं, तोवर मटार सोलले.
वरच्या निवळीत पट्टी बुडवली.
मोरपिशी.
आठ, किंवा आठाला टेकलेलं.
अनंताला साडेपाच-सहा लागतात.

म्हणजे बोअरचं पाणी.
बादलीच्या काठावर बसणारा पांढरा थर,
जो मी दर रविवारी चिंचेनं घासते,
तोच तीन वर्षं मुळांभोवती.
आणि वर राख.

लोह आहे. माळव्याच्या मातीत कमी नाही,
खिळे तर आहेतच.
पण विरघळत नाही, मुळं शिवून परत येतात.
आई माझ्याबद्दल म्हणायची तेच:
खाते पुष्कळ, अंगी लागत नाही.

आणखी एक आहे.
नत्र कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढतं,
कोवळ्यांना देतं.
खालची पानं पिवळी होऊन गळतात,
आपण म्हणतो, वय झालं.
लोहाचं तसं नाही.
ज्या पानात गेलं, त्या पानाचं झालं.
म्हणून बुडाशी सगळं हिरवंगार
आणि शेंडा पिवळाफटक.
जुन्यांजवळ आहे. द्यायचीही इच्छा असेल.
वाट नाही.

त्याच्या तिसऱ्या निकालाच्या रात्री
मी जिन्यात उभी होते, हातात शिऱ्याची वाटी.
दाराखालून उजेड येत होता.
पंखा चालू होता, पुस्तकाचं पान मात्र उलटत नव्हतं.
शिरा गार झाला. मी खाली आले.
सकाळी ह्यांनी तो खाल्ला, साखर कमी आहे म्हणाले.

आता जैनांच्या एसीच्या नळीखाली डबा ठेवते.
मिसेस जैन विचारतात, इसका क्या करती हो आप?
चिमूटभर गंधक मातीत कालवलं.
त्याला घाई नसते,
मातीतले जीव सावकाश त्याचं आम्ल करतात,
दोन महिने, तीन.
तोवर छावणीतून आणलेली लोहाची पुडी,
पाण्यात टाकली की बिटासारखी लाल.
खांबेटेसर सांगायचे,
ह्यात लोह खेकड्याच्या नांगीत धरल्यासारखं असतं,
चुना त्याला हिसकावू शकत नाही.
तेव्हा पोरं हसायची. मी फडकं पिळत ऐकायची.

पिवळी पानं हिरवी झाली नाहीत. मी तोडलीही नाहीत.
नवव्या आठवड्यात टोकाला एक पान आलं,
नखाएवढं,
शिरा कुठे संपतात ते कळू नये असं.
कळी नाही. खिळे तसेच आहेत,
ह्यांना वाटतं त्यांनीच झालं.

परवा फोन आला. डिपॉझिटचे पंधराशे राहिलेत.
हे बोलले, मग मला दिला.
"काकू, ते झाड?"
म्हटलं, पाणी चुकत होतं रे.
तुमच्याकडचं पाणी कसं आहे?
पलीकडे कुकरची शिट्टी झाली, एक, दोन.
"गोडं आहे," म्हणाला.
आणि मग, "विहिरीचं आहे, काकू."